डावीकडून तिसरी

कोरसमध्ये गाणाऱ्या बाईचं काम थोडक्यात सांगायचं तर असं, की तिनं जीव ओतून गायचं आणि ऐकू यायचं नाही. बारा जणींनी मिळून एक आवाज काढायचा. त्या आवाजातून कुणा एकीचा वेगळा ओळखता आला, तर ती चुकली असं समजायचं. बाकीच्या धंद्यांत माणसं नाव व्हावं म्हणून धडपडतात. इथे नाव झालं की पुढच्या सोमवारपासून बोलावणं बंद.

हे काम तिनं सव्वीस वर्षं केलं. स्टुडिओत तिला सगळे तिसरी म्हणायचे, कारण माइकसमोरच्या रांगेत ती डावीकडून तिसरी उभी राहायची. पहिल्या दिवशी गेली तेव्हा रांगेत तेवढी एकच जागा रिकामी होती. ती का रिकामी आहे हे उभं राहिल्यावर कळलं. समोर खांब होता. हॉलमधल्या त्या एकुलत्या एक खांबामुळे संगीत दिग्दर्शकाचा हात रांगेतल्या अकरा जणींना दिसायचा आणि डावीकडून तिसरीला दिसायचा नाही.

तोडगा दुसरीनं काढला. दुसरी म्हणजे अर्थात डावीकडून दुसरी. ठेंगणी, तोंडाळ, पर्समध्ये कायम खडीसाखर बाळगणारी. "माझा हात धर," ती म्हणाली. "सुरू करायची वेळ झाली की दाबीन. आणि घट्ट धर गं, मी काय तुझा सासरा आहे?" तेव्हापासून गाण्यात मधे शांतता आली की या दोघी हात धरून उभ्या राहायच्या. हात दाबला गेला की तिसरी गायला लागायची. मोजायची म्हणून नाही. स्वतः मोजायला लागलं तर दोघींचं मोजणं जुळणार नाही, आणि हातावरचा विश्वास उडेल, असं तिचं म्हणणं. बरोबरच होतं. एवढ्या विश्वासानं चाललेली लग्नंही फार नसतात.

स्टुडिओत मुख्यतः दाक्षिणात्य सिनेमांची गाणी व्हायची. भाषा चार, आणि तिला त्यांतली एकही येत नव्हती. शब्द ती देवनागरीत उतरवून घ्यायची आणि लांबवायच्या अक्षरांपुढे रेघ ओढायची. सूर जितका लांब, तितकी रेघ लांब. गाणं विरहाचं आहे की बारशाचं, हे चालीवरून ताडायचं. एकदा सबंध दुपार तिनं गळा दाटून आणून गायलं. मागाहून कळलं की नायकाची मोटरसायकल चोरीला गेली होती आणि तो ती शोधत होता. "मग काय झालं," ती म्हणाली, "त्यालाही वाईट वाटलंच असेल."

संगीत दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणायचे. त्यांचं बोलणं दोन शब्दांवर चालायचं. 'परत' म्हटलं की परत गायचं आणि 'पुढे' म्हटलं की जमलं. कौतुक हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. 'पुढे' हा शब्द त्यांनी जरा हळू आवाजात म्हटला, तर रांगेतल्या बायका घरी जाताना एकमेकींना त्याची आठवण करून द्यायच्या.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कंपनीचा निळा शर्ट, खिशाला टेस्टर, नखांत ग्रीस. बंद दरवाज्यापलीकडे चाललेल्या मोटारीच्या आवाजावरून तो कुठली बेअरिंग गेली आहे ते सांगायचा, आणि ते खरं निघायचं. गाण्यातलं मात्र त्याला काही म्हणजे काही कळायचं नाही. लग्न ठरताना त्यानं हे प्रामाणिकपणे सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "उत्तम. घरी तरी कुणी 'परत' म्हणणार नाही."

घरी ती गायचीच नाही. कपडे वाळत घालताना नाही, आंघोळ करताना नाही. "दिवसभर तुम्ही लिफ्टमध्ये असता," ती त्याला म्हणायची, "घरी आल्यावर वर-खाली करता का?" मूल झालं असतं तर अंगाईच्या निमित्तानं तरी भिंतीपलीकडून काहीतरी कानावर पडलं असतं. ते झालं नाही.

तेव्हा त्यानं आपला मार्ग शोधला. ती गायलेल्या गाण्यांच्या कॅसेट आणायच्या आणि रविवारी सकाळी टेपरेकॉर्डरला कान लावून बसायचं.

"ही तू का?"

"नाही."

"मग ही? ही वर जाते ती?"

"ती मुख्य गायिका आहे. तिचा फोटो आहे कव्हरवर."

"मग तू कुठे आहेस?"

"मागे."

"मागे बारा जणी आहेत."

"बारा ऐकू येतात?" ती कणीक मळता मळता वळून विचारायची. "खरंच बारा ऐकू येतात?"

"नाही. एकच येतो."

"मग झालं तर," असं म्हणून ती परत परातीकडे वळायची, आणि त्या दिवशी तिचा मूड चांगला असायचा. तो मात्र कॅसेट उलटी करून दुसरी बाजू लावायचा. ज्याला मोटारीच्या घरघरीतून एक बेअरिंग वेगळी काढता येते, त्याला स्वतःची बायको बारा बायकांतून काढता येत नाही, ही गोष्ट त्याला आयुष्यभर खुपली. सुरुवातीला ती गंमत होती. गंमत कधी संपली हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

मग यंत्रं आली. एका पेटीत बारा काय, बाराशे बायका मावायला लागल्या, आणि त्यांना घरी जायला बसही लागत नव्हती. रांग आठांची झाली, मग चारांची, मग रांगच राहिली नाही. मास्तर वारले. पुढे दुसरीही वारली. तिसरी घरी बसली. तिनं कुरकूर केली नाही. ऐकू न येण्याची तिला सवय होती.

आवाज बसला तो सहा वर्षांनी. सर्दी म्हणून दोन महिने काढे झाले, मग डॉक्टर झाले, मग मोठे डॉक्टर. गाठ स्वरयंत्रातच होती. स्वरयंत्र काढायचं आणि जीव वाचवायचा, असा साधा हिशेब मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावला. चित्र छान होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ती हॉस्पिटलच्या कॉटवर बसून पिशवीतले टॉवेल मोजत होती. नवरा स्टुलावर होता. बराच वेळ त्यानं स्टुलाचा हलणारा पाय पाहिला. मग म्हणाला, "एकदा म्हण ना काहीतरी."

"काय म्हणू?"

"गाणं. दोन ओळी. कुठलंही."

तिचा आवाज तोवर खरवडल्यासारखा झाला होता. "ह्या आवाजात? मास्तर असते तर हाकललं असतं."

"मी मास्तर नाही."

"तेच तर," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट आहे हेही कळायचं नाही. तुम्ही तेच धरून बसाल." आणि तिनं टॉवेल पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

ऑपरेशन चांगलं झालं. गळ्याला श्वासासाठी भोक राहिलं, त्यावर ती पातळ सुती रुमाल बांधायची. बोलण्यासाठी हॉस्पिटलनं एक यंत्र दिलं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले की शब्द बाहेर पडत, पण सगळे एकाच सुरात. घरी आल्यावर तिनं ते पहिल्यांदा लावलं आणि विचारलं, "चहा घेणार?"

नवरा पटकन बोलून गेला, "अगं, हे आमच्या नव्या लिफ्टसारखं वाटतंय. दरवाजा बंद होत आहे."

ती हसली. म्हणजे खांदे हलले आणि रुमाल फडफडला. मग तिनं यंत्र पुसून खोक्यात ठेवलं, खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि ते पुन्हा कधी काढलं नाही. ते एक वाक्य परत घेण्यासाठी त्यानं काहीही दिलं असतं. पुढे कितीदा तरी त्यानं ते खोकं काढून तिच्यासमोर ठेवलं. ती ते उचलून पुन्हा फळीवर ठेवायची.

त्यानंतर पाटी आली. पोरांची, वरचा कागद उचलला की पुसली जाणारी. पाटी लहान आणि 'अहो' लांब, म्हणून तिनं महिनाभरात त्याला 'तू' लिहायला सुरुवात केली. एकतीस वर्षांचं 'अहो-जाहो' जागेअभावी संपलं. त्याला ते आवडलं, पण आवडलं म्हणायची सोय नव्हती.

त्याच्या फोनमध्ये तिचे जुने व्हॉइस मेसेज होते. सतरा. दूध संपलंय. येताना पिठाची गिरणी बघून या, उघडी आहे का. किल्ली माझ्याकडेच राहिली. बोलण्याचा आवाज एवढा त्याच्याजवळ होता. गाण्याचा अक्षरभरही नव्हता, आणि आता जगात कुठे असेल तर बारा जणींत विरघळलेला.

असं असताना महोत्सवाचा फोन आला.

शहराबाहेरच्या मैदानावर तीन दिवसांचा संगीत महोत्सव होणार होता. पहिल्या दिवशी रॉक बँड, दुसऱ्या दिवशी आणखी रॉक बँड, आणि तिसऱ्या दिवशी, लोकांचे कान जरा बधिर झाल्यावर, दाक्षिणात्य सिनेसंगीताला मानवंदना. मास्तरांनी एकाच गाण्यात रॉक बँड वापरला होता. तो बँड अजून होता. केस गेले होते, बँड राहिला होता. ते लोक मंचावर प्रत्यक्ष वाजवणार, आणि कोरस मात्र जुन्या टेपवरचाच लावणार, कारण बारांपैकी पाच बायका जगात नव्हत्या आणि उरलेल्यांत दम नव्हता. मूळ टेपवर कोरस स्वतंत्र ट्रॅकवर घेतलेला होता. तेवढाच उचलता येणार होता. फक्त नावं खात्रीनं कुणाला माहीत नव्हती, ती सांगायला काकूंनी स्टुडिओत यावं, असं साउंड इंजिनिअर बाईंनी नम्रपणे कळवलं.

दोघं गेले. हॉल तोच, खांबही तोच. आता त्याला मऊ निळं कापड गुंडाळलं होतं. नवरा या दाराच्या आत आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. चपला बाहेर काढायच्या का, हे त्यानं दोनदा विचारलं. इंजिनिअर बाई चाळिशीच्या, गळ्यात हेडफोन, बोलणं भरभर.

"टेप इतकी चिकटली होती ना काका, की अक्षरशः भट्टीत घालून आठ तास गरम करावी लागली. तेव्हा कुठे एकदा वाजली. एकदाच. मग पापुद्रे सुटले. आता जे आहे ते ह्या कंप्युटरमध्ये." त्यांनी खुर्च्या पुढे सरकवल्या. "काकू, नुसता कोरस लावते. सांगा कोण कोण ते."

तिनं पाटी मांडीवर घेतली. गाणं सुरू झालं, म्हणजे नुसता कोरस. गिटार नाही, ढोल नाही, मुख्य गायिका नाही. बारा बायका, आणि मधे लांबच लांब शांतता, तीत हॉलमधल्या पंख्याचा हलका आवाज. ती नावं लिहीत होती, नवरा पाटीवरून कागदावर उतरवून घेत होता. पहिली. दुसरी. ती स्वतः. चौथी.

मग एका शांततेत एक आवाज आला. एकटा. आ-कार, मोकळा, भरलेला, कुणाशी मिसळायची गरज नसल्यासारखा. साडेतीन सेकंद. आणि मधेच कापल्यासारखा बंद. त्यानंतर चार ठोक्यांएवढा वेळ गेला आणि बाराही जणी व्यवस्थित एकत्र सुरू झाल्या.

"हे बघा, हे मला विचारायचंच होतं," इंजिनिअर बाई म्हणाल्या. "बाजारातल्या गाण्यात हे नाही. तिथे झांजा आहेत."

त्या झांजा सगळ्यांना ठाऊक होत्या. अशा ऐन शांततेत झांज फोडण्याचं धाडस फक्त मास्तरच करू जाणे, असं एका समीक्षकानं अर्धा रकाना भरून लिहिलं होतं.

नवऱ्यानं कागदावरून डोकं वर काढलं होतं. "ही कोण?" त्यानं विचारलं.

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. तिनं पाटी घेतली, लिहिलं आणि त्याच्याकडे न वळवता बाईंसमोर धरली. 'काढून टाका.'

तेव्हा त्याला कळलं.

"अहो काकू, काढायचं कशाला? बँडवाल्यांना ऐकवलं तर वेडे होतील ते," बाई म्हणाल्या. "लोकांना हेच आवडतं हल्ली. खरं वाटतं, जिवंत वाटतं. स्वच्छ गाणं काय, यंत्रंसुद्धा गातात."

तिनं पाटी हलवली नाही. 'काढून टाका' तसंच.

"बरं. तुमचा आवाज, तुमचा शब्द. शुक्रवारपर्यंत माझ्याकडे आहे, तोवर सांगा. मग फाइल महोत्सवाकडे जाते."

नवऱ्याला 'परत लावा' म्हणायचं होतं. तो शब्द तोंडाशी आला आणि त्यानं तो गिळला. या खोलीत त्या शब्दाचा अर्थ वेगळा होता.

घरी येऊन त्यानं कुकर लावला, तिनं रुमाल बदलला, आणि मग भांडण झालं. एक जण बोलतो आणि दुसरं लिहितं अशा भांडणात बोलणाऱ्याची पंचाईत असते. प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागतं, आणि थांबलं की राग टिकत नाही.

"काय झालं होतं तेव्हा?" त्यानं विचारलं.

तिनं चार पाट्या भरून सांगितलं. बँडवाले आले होते. मास्तरांनी सकाळपासून आठ वेळा 'परत' म्हटलं होतं. नवव्या वेळी गिटारवाल्याला असं काही सुचलं की सगळा हॉल श्वास धरून उभा राहिला. मग शांतता. तिनं दुसरीचा हात धरला होता. दुसरीला सर्दी होती. तिला शिंक आली. ती दाबायला तिनं डोळे मिटले, नाक मिटलं आणि हातही दाबला.

नवरा हसला. आवरलंच नाही त्याला. "म्हणजे शिंकेवर गायलीस तू?"

तीही हसली. रुमाल फडफडला. मग थांबली आणि लिहिलं, 'मास्तर काचेतून बघत होते. म्हणाले, पुढे.'

"मग? पुढे म्हणाले ना?"

'गिटार परत जमली नसती म्हणून. मग वर झांजा टाकल्या. मला महिनाभर झोप नाही. दुसरी रडायची. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं.'

"मला नाही सांगितलंस."

'तुला तर नाहीच.'

कुकरची शिट्टी झाली. त्यानं गॅस बारीक केला आणि तिथेच पाठमोरा उभा राहून म्हणाला, "महोत्सवातून काढ. तुझं बरोबर आहे. पण मला तेवढं घेऊ दे. माझ्यापुरतं. कुणाला ऐकवणार नाही. त्या बाई देतील एका मिनिटात."

पेन्सिलीचा आवाज आला. तो वळला. 'ती चूक आहे.'

"असू दे."

'तुझ्या लिफ्टची केबल तुटली असती तर आठवण म्हणून घरात टांगली असतीस?'

"लिफ्टचं वेगळं. त्यात माणसं मरतात."

तिनं गळ्यावरचा रुमाल नीट केला. त्यानंच मान खाली घातली.

"मला तुझं गाणं ऐकायचंय," तो म्हणाला. "एवढंच आहे. एकतीस वर्षं मी ते टेपरेकॉर्डरला कान लावून बसतो. मला काही कळत नाही गाण्यातलं, चूक की बरोबर तेही कळत नाही. मला फक्त तू हवी आहेस त्यात."

ती बराच वेळ लिहीत राहिली. पाटी भरली, मग कडेनं लिहिलं, मग अक्षरं बारीक झाली. 'चारशे गाणी बरोबर गायले. त्यातली एकही तुला माझी वाटत नाही. आणि ही एक शिंक माझी? मी गेल्यावर तू रोज ती लावशील. मी रोज चुकीन.'

"चारशे गाण्यांत तू सापडत नाहीस गं."

तिनं कागद उचलून पाटी पुसली. नव्या कोऱ्या पाटीवर लिहिलं, 'म्हणजे चांगलं गायले.'

तिच्या आयुष्याची सगळी मिळकत ती एका ओळीत सांगून मोकळी झाली होती, आणि त्याला हवी असलेली गोष्ट ती मिळकत खोटी ठरवल्याशिवाय मिळणार नव्हती. दोघं जेवले. भात खाली लागला होता. कुणी तसं म्हटलं नाही.

गुरुवारी तो कामाच्या जागी एका सातमजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन-रूममध्ये होता. तिथून त्यानं इंजिनिअर बाईंना फोन लावला.

"ते काढायचं म्हणाली ती. काढून टाका."

"ठीक आहे काका." बाईंनी आवाज खाली आणला. "काकूंना नका सांगू, पण तुकडा पाठवून ठेवू का तुमच्या फोनवर? नंतर कधी वाटलं तर..."

खाली कुणीतरी बटण दाबलं. मोटार सुरू झाली, दोर ताणले गेले, चाक फिरायला लागलं. ते थांबेपर्यंत तो चाकाकडे बघत राहिला.

"काका? आहात ना?"

"नको," तो म्हणाला. "तुमच्याकडेही ठेवू नका. पुसून टाका."

"नक्की? ते परत मिळणार नाही हं. टेप गेली."

"माहिती आहे."

फोन ठेवल्यावर त्यानं एक बेअरिंग बदलली. ती अजून वर्षभर चालली असती.

महोत्सवाला दोघांना पास आले. मनगटाला बांधायच्या कागदी पट्ट्या, त्यांवर 'कलाकार' असं छापलेलं. त्याच्याही पट्टीवर तेच होतं. ती त्याच्या मनगटाकडे बघून हसली. मैदानावर चुरगळलेलं गवत, दोन दिवसांचे कागदी पेले, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि घराएवढे स्पीकर. मानवंदना संध्याकाळी ठेवली होती. पण मुख्य रॉक बँडला लवकर विमान गाठायचं होतं, म्हणून ती दुपारी चारवर आली. मास्तरांचा मोठा फोटो मंचावर होता. उन्हामुळे त्यातलं फारसं दिसत नव्हतं.

तरी माणसं होती. बरीच पन्नाशीची, काही त्यांना धरून आणलेली पोरं. टकले रॉकवाले आले. गिटारवाल्यानं मास्तरांची आठवण सांगितली, की आपण त्यांच्याशी एकदाच काम केलं आणि त्यांनी आपल्याला एकच शब्द म्हटला. "पुढे," त्यानं सांगितलं, आणि माणसं हसली. तिसरी हसली नाही.

गाणं सुरू झालं. ती खुर्चीच्या कडेवर ताठ बसली होती, हात मांडीवर. त्याला ती जागा आता पाठ होती. स्टुडिओत एकदाच ऐकलं होतं, पण मोटारीचा आवाज तो एकदाच ऐकून लक्षात ठेवायचा. गिटार वर वर गेली, तीस वर्षांपूर्वीसारखी नाही, पण गेली. आणि थांबली. शांतता. ड्रमवाल्यानं काठीवर काठी आपटली. एक, दोन, तीन, चार. तिथे काही नव्हतं. स्वच्छ, कोरं, जसं असायला हवं तसं. आणखी चार ठोके. मग बारा जणी एकदम, एका आवाजात, अख्ख्या मैदानावर.

त्यानं डोळे मिटून शोधलं. रविवारच्या सवयीनं. त्या साडेतीन सेकंदांचा आवाज त्याच्या कानात होता, मोकळा, भरलेला. त्याच्याशी जुळवून बघायला आता काहीतरी होतं. डावीकडून शोधलं, खालून शोधलं. आवाज एकच होता. शेवटची रेघ ओढली गेली, लांब, आणि एकदम संपली. माणसं उभी राहून ओरडायला लागली.

तिनं पाटी त्याच्यासमोर धरली. 'कसं झालं?'

गाण्याबद्दल तिनं त्याला कधीच काही विचारलं नव्हतं.

"तू कुठे होतीस," तो म्हणाला, "कळलंच नाही."

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलत नाही याची खात्री झाल्यावर मान हलवली, सुतारानं सांध्यावरून हात फिरवून हलवावी तशी, आणि मंचाकडे वळली. तिथे पुढच्या बँडची माणसं वायरी ओढत होती.

"चहा आणतो," तो म्हणाला.

चहाच्या टपरीवर रांगेत त्याच्या पुढे दोनच माणसं होती. त्याला परत यायला वीस मिनिटं लागली.